भुंग्याच्या अंगठ्याचं नख

या, असे जवळ सरका. पूर्वरंग झालाय, बुवा चहा घेतायत, उत्तररंगाला अजून अवकाश आहे. तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. आहे कुत्र्याच्या नखाची. पण मुका जीवही देवाचाच, म्हणून देवळात बसून सांगायला हरकत नाही.

नाशिक रोडला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर उज्वला राहते. नवरा शेखर, आणि निफाडकडच्या मळ्यातून वर्षभरापूर्वी राहायला आलेले सासरे, सावळीराम आबा. चौथा भुंग्या, उज्वलाचा कुत्रा. नावासारखाच काळा कुळकुळीत, नखंसुद्धा काळी.

आबा म्हणजे द्राक्षछाटणीतला नावाजलेला माणूस. चाळीस वर्षं हातात सिकेटर, म्हणजे वेली छाटायची कात्री. काडीवर कुठला डोळा राखायचा, काप कुठे द्यायचा, हे लांबून सांगायचे. भुंग्याची नखं फरशीवर टकटक वाजायला लागली, खालच्यांनी तक्रार केली, आणि उज्वला बाजारात गेलेली बघून आबांनी ट्रंकेतलं सिकेटर काढलं. काडी छाटावी तसं मागच्या पायाचं एक नख पार मुळाशी छाटलं. उज्वला आली तेव्हा भुंग्या पलंगाखाली थरथरत होता, फरशीवर रक्त, आणि आबा निवांत.

"बोंबलते कशाला? छाटल्यावर वेलीलाही पाणी सुटतं. सुटलं तर चांगलंच. आपोआप थांबतं."

"वेल किंचाळते का, आबा?"

तेव्हापासून घरात बोलणं टोचूनच व्हायचं. आणि भुंग्या कुणालाही पंजा धरू देईना. दोन महिन्यांत त्याच्या पुढच्या पायाचं अंगठ्याचं नख, जे जमिनीला टेकतच नाही, गोल वळून मांसाला भिडलं. डॉक्टर म्हणाले, आठवड्यात कापा, नाहीतर आत घुसेल. दवाखान्यात तो पिसाळल्यासारखा करतो, भूल द्यावी तर काळीज अशक्त. घरीच कापलेलं बरं.

आबांनी परस्पर निकाल लावला. "रविवारी मळ्यावरचा टेम्पो इकडं येतोय. परत जाताना कुत्रं बांधून देतो. रानात हिंडलं की नखं झिजतात."

"ते नख जमिनीला टेकत नाही, आबा. झिजेल कसं? आणि मळ्यावरची तीन कुत्री बिबट्यानं नेली, विसरलात?"

"उसात बिबट्या असायचाच. कुत्र्याला राखणीला ठेवतात, गादीवर नाही."

शेखरनं नेहमीप्रमाणे मान खाली घातली. "रविवारपर्यंत नख कापलं तर राहू दे. नाहीतर आबा म्हणतायत तसं."

उज्वलाला कळलं, आता आपल्याला कुणी नाही. ती तडक जमीलभाईंच्या दुकानात गेली. ते प्राण्यांचं सामान विकतात. त्यांनी काउंटरवर दोन हत्यारं मांडली.

"ये देखो ताई. ह्याला भोक आहे, नख भोकात घालून दाबायचं. छोट्या कुत्र्याला ठीक. पण तुमचं नख गोल झालंय, भोकात जाणारच नाही. हे घ्या, दोन पात्यांचं, कात्रीसारखं. धार बघा. बोथट पातं कापत नाही, चिरडतं. जनावर त्याला भितं."

"नख काळं आहे, जमीलभाई. आतली नस दिसत नाही."

"म्हणून एका झटक्यात नाही. कागदाएवढी चकती, मग दुसरी. प्रत्येक वेळी कापलेली बाजू बघायची. मधे ओलसर काळा ठिपका दिसला की बस, हात वर. चुकून रक्त आलंच तर ही पूड दाबून धरा. आणि एकट्यानं करू नका. धरायला कुणीतरी पाहिजे, मजबूत."

घरी आल्यावर आबांनी ते हत्यार उलटंपालटं केलं. "ह्या घरात माणसं ब्लेडनं नखं काढतात, अन् कुत्र्याला मशीन!"

रविवार उजाडला. शेखर सकाळीच ओव्हरटाइमला पळाला. दहा वाजता आबांचा फोन वाजला. टेम्पो तासाभरात खाली येणार होता. उज्वलानं सतरंजी अंथरली, नखकात्री आणि पूड शेजारी ठेवली, आणि आबांसमोर उभी राहिली.

"धरायला या."

"मी? अन् कापणार तू? चाळीस वर्षं छाटणी केलीय मी!"

"म्हणूनच कात्री मिळणार नाही. तुमच्या हातानं रक्त काढलंत, आता त्याच हातानं धरा."

आबांचे डोळे लाल झाले. "बरं. तुझी फजिती जवळून बघतो."

ते खाली बसले आणि भुंग्याला कवेत घेऊन पुढचा पाय धरला. भुंग्यानं त्यांना वासावरून ओळखलं, गुरगुरला, आणि क्षणात त्यांच्या मनगटात दात रुतवले. उज्वलाला वाटलं, संपलं. आता आबा हात झटकणार, कुत्रं पळणार, खाली टेम्पो वाजणार.

आबांनी पाय सोडला नाही. मनगटही ओढलं नाही.

"माझ्या तोंडाकडं काय बघतेस? काप!"

तिनं कापलं. एक चकती. दुसरी. वळलेलं टोक तुटून सतरंजीवर पडलं, मांसावर लालसर खड्डा उरला होता. अजून थोडं राहिलंय असं वाटून तिनं पुन्हा पातं लावलं.

"थांब!" आबा खेकसले. "मधे ओलं दिसतंय. आंधळी आहेस का?"

तिनं वाकून पाहिलं. ठिपका होता. रक्ताचा थेंबही निघाला नव्हता, निदान कुत्र्याचा तरी.

खाली हॉर्न वाजला. आबांनी मनगटाला टॉवेल गुंडाळला, गॅलरीत गेले आणि ओरडले, "रिकामाच जा! काही न्यायचं नाही!" मग वळून तिच्यावर, "बाकीच्या सतरा नखांना मला बोलवायचं नाही. सांगून ठेवतो."

"बोलवत नाही. हात साबणानं धुवा, दहा मिनिटं. इंजेक्शनला जायचंय."

"तुझ्यासंगं येत नाही मी."

गेले मात्र एकाच रिक्षात, दोन कडांना, दोन दिशांना तोंडं करून. तिनं आभार मानले नाहीत, त्यांनी माफी मागितली नाही. भुंग्या राहिला घरातच, आणि आबा दिसले की अजूनही गुरगुरतो.

चला, बुवा उठले. देवापुढं हात जोडाल तेव्हा एवढं करा माउली, त्या सावळीरामाची आठवण काढा. त्याची इंजेक्शनं अजून चालू आहेत, आणि घरात त्याला कुणी विचारत नाही की दुखतंय का.