कच्च्या प्रतीतले सातवे प्रकरण

बेलच्या बटणावर चिकटपट्टीचा एक तुकडा आडवा लावलेला होता – कडेने मळलेला, एका कोपऱ्याला सुटून वर आलेला – आणि धाकटी केव्हाची नुसती त्याच्याकडे बघत उभी होती. बेल बिघडली असेल, किंवा आतल्या म्हाताऱ्या माणसाची झोपमोड नको म्हणून ही व्यवस्था असेल, किंवा आता या घरात कोणी यावे अशी अपेक्षाच उरली नसेल... दार ठोठावायला हवे होते. हात वर जात नव्हता. आठ वर्षे ज्याच्यासाठी लोकांची दारे ठोठावली ते या दाराच्या आत होते, आणि नेमके आताच तिला घरी परत जावेसे वाटत होते.

धाकटी हे घरातले नाव. सगळ्यांत लहान म्हणून पडलेले. त्या नावाने हाक मारणारे आता कोणी उरले नव्हते, तरी एकोणसाठाव्या वर्षीही मनातल्या मनात ती स्वतःला दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखत नव्हती. चष्म्याच्या दुकानात ती गिऱ्हाइकांचे डोळे तपासत असे. तिथे ती मॅडम होती. जुन्या पुस्तकांच्या दुकानदारांत मात्र ती ‘कच्च्या प्रतीवाल्या बाई’ होती, आणि या नावाचा तिला थोडा अभिमानही होता, कारण ते तिने स्वतः कमावलेले होते.

पुस्तक बाजारात येण्याआधी प्रकाशक त्याच्या थोड्या प्रती घाईघाईने बांधून समीक्षकांना, ओळखीच्या जाणत्यांना पाठवतो – चुका काढायच्या राहिलेल्या, अर्पणपत्रिकेचे पान कोरे, मुखपृष्ठाच्या जागी साधा पुठ्ठा आणि त्यावर शिक्का, ‘विक्रीसाठी नाही’. खरे पुस्तक आले की या प्रतींना कोणी विचारत नाही. धाकटीच्या घरी अशा दोनशेच्या वर होत्या. एका कादंबरीत नायिकेचे नाव नव्वदाव्या पानावर बदलत होते आणि पुढे नवऱ्यालाही त्याचे काही वाटत नव्हते. एका कवितासंग्रहात कवीने शेवटच्या ओळीवर काट मारून कडेला लिहिले होते, ‘नको, खोटी वाटते’, आणि छापील पुस्तकात ती ओळ तशीच राहिली होती. लोक म्हणत, बाईंना नाद आहे. नाद लागलाही होता. पण खरे म्हणजे यातली एकही तिला नको होती. एका प्रतीच्या शोधात ती कुणाकुणाच्या घरी जाई, ती मिळत नसे, आणि लोकांची कपाटे उपसायला लावून रिकाम्या हाताने उठणे बरे दिसत नाही, म्हणून दुसरी कुठलीतरी घेऊन येई.

ती एक प्रत दादाच्या कादंबरीची.

कादंबरी बावीस वर्षांपूर्वी आली आणि गाजली – आजारी आई, आणि तिच्या उशाशी वाढणारा एकुलता एक मुलगा. एकुलता एक! वाचून झाल्यावर धाकटीने पुस्तक मिटून कपाटात ठेवले आणि दादाला सांगितले, छान झालंय. सहा वर्षे आईचे सगळे अंथरुणावरच होते आणि ते सगळे धाकटीने केले होते, कॉलेज सोडून, आणि दादा पलीकडच्या खोलीत लिहीत असे. तू आहेस म्हणून मला लिहिता येतं गं, असे म्हणतही असे. पुस्तकात आई होती, खोली होती, खिडकीच्या गजाला गाठ मारून ठेवलेला पडदासुद्धा होता. ती नव्हती. लेखकाला मोकळीक असते हे तिला कळत होते, आणि कळत होते म्हणूनच तोंड उघडायला जागा नव्हती... मग आठ वर्षांपूर्वी दादा गेला, बसल्या जागी, आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरल्यावर वहिनी कपबश्या विसळता विसळता म्हणाली, “आधी तुमचं एक प्रकरण होतं हो त्यात. सातवं. मग ह्यांनी काढून टाकलं.”

काय होते त्यात? वहिनीला ठाऊक नव्हते. छापून येईपर्यंत तिच्या हातात कधी काही पडत नसे. हस्तलिखित दादाने स्वतः फाडले होते, प्रकाशकाने गाशा गुंडाळला होता. चार वर्षांपूर्वी एक कच्ची प्रत हाती लागली तेव्हा धाकटीने ती भर रस्त्यात उभी राहून उघडली – सहाव्या प्रकरणानंतर एकदम आठवे, एकशे बाराव्या पानानंतर एकदम एकशे एकतिसावे. प्रकरण काढले होते आणि घाईत आकडे बदलायचे राहून गेले होते. म्हणजे अठरा पाने होती. अठरा पाने ती होती! त्याच्याही आधीची एखादी प्रत कुठेतरी असणारच.

आणि ती कधीच मिळू नये, असेही तिला वाटत असे. कारण आई गेली ती दुपारी तीनच्या सुमाराला. तिने पाणी मागितले होते, आणि धाकटी खुर्चीत झोपली होती. जाग आली तेव्हा आईचा हात पलंगाबाहेर आला होता, पेला ठेवला होता त्या बाजूला. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. दादाने तेव्हा तिला जवळ घेतले होते. सहा वर्षं जागलीस, एक दुपार झोपलीस, तुझा काय दोष, म्हणाला होता. पण दोष हा शब्द काढला त्याने. मी नव्हता काढला. मी नुसती रडत होते. अठरा पानांत त्याने तेच लिहिले असेल तर... माझी झोप लिहिली असशील का रे, दादा?

तिने बेल न दाबता दारावर टकटक केली.

दादाची कच्ची प्रत ज्यांच्याकडे वाचायला गेली होती त्या समीक्षकांच्या सुनेने दार उघडले. हातात सुतळीचा गुंडा, केसांवर धूळ. सासऱ्यांना महिनाअखेर नणंदेकडे हलवायचे आहे, तिथे त्यांना एकच खोली, म्हणून ही सगळी बांधाबांध, हे तिने आत नेता नेता सांगून टाकले. पुस्तके बघायला आलेल्या दुकानदाराने ‘एक बाई यासाठी जीव टाकतील’ असे म्हटल्यापासून ती प्रत तिने बाजूला काढून ठेवली होती. बसा, चहा टाकते.

समीक्षक खिडकीशी खुर्चीत होते, सत्त्याऐंशी वर्षांचे, गुडघ्यांवर पांघरूण. एके काळी त्यांच्या एका परिच्छेदावर पुस्तके तरत किंवा बुडत. धाकटीने आपण कोण, कोणाची, ते सांगितले. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिले.

“त्याला बहीण होती?”

“होती,” ती म्हणाली.

निळसर पुठ्ठा, शिक्का फिकट झालेला. गठ्ठ्यांच्या मधल्या एका स्टुलावर बसून तिने पान एकशे तेरा काढले, आणि पहिल्याच ओळीत ती होती. धाकटी, म्हणूनच. थर्मामीटर झटकताना डोळे मिटून घेणारी – खरेच, ती मिटून घेत असे, अजूनही घेते, आणि हे कोणी पाहिले आहे हे तिला आयुष्यात कधी कळले नव्हते. आईची पाठ पुसताना गुणगुणणारी. शेजारणीने आणलेल्या स्थळाला दारातूनच वाटेला लावणारी आणि नंतर न्हाणीघरात बराच वेळ नळ सोडून बसणारी. हेही ऐकले होतेस! ती भराभर वाचत होती, अक्षरे पाण्यात पडल्यासारखी हलत होती, आणि पोटातून काहीतरी उमलत वर येत होते, इतक्या वर्षांचे, की आपण होतो, नीट होतो, कुणाच्यातरी डोळ्यांसमोर सहा वर्षे होतो... आणि मग शेवटची दोन पाने आली. दुपार आली. धाकटी खुर्चीत झोपली.

‘आईने हाक मारली. पलीकडच्या खोलीत मुलाने लिहिणे थांबवले. हाक पुन्हा आली – पाणी. तो ऐकत राहिला. मग त्याने वाक्य पुरे केले.’

पुढे प्रकरण संपत होते. समासात पेन्सिलीने, दोनदा अधोरेखित करून लिहिलेले – ‘पटत नाही.’

ती उठली आणि ते पान समीक्षकांच्या समोर धरले. त्यांनी ते जवळ घेतले, लांब नेले; डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झालेले दिसतेय, हे तिच्या मनाने सवयीने टिपले आणि त्या मनाचा तिला राग आला.

“अक्षर माझंच,” ते म्हणाले.

“का नाही पटलं?”

“मुलगा जागा आहे. ऐकतोय. आणि उठत नाही. का उठत नाही, ते कुठं आहे यात? मी बोलावून सांगितलं त्याला – एक कारण घाल, प्रकरण सोन्यासारखं आहे.”

“मग?”

“म्हणाला, कारण नाही. कारण सापडलं असतं तर लिहायला कशाला बसलो असतो.” त्यांनी पांघरूण वर ओढले. “आठवड्यानं निरोप आला, प्रकरणच काढलं. मला वाटलं, बरं झालं. पुस्तक घट्ट झालं.”

“म्हणजे तसं झालं होतं? खरंच झालं होतं असं म्हणाला का तो?”

“खरंखोटं मी कधी विचारत नसे, बाई. पटतंय का, एवढंच.”

तिने परत विचारले. तो बोलताना कसा दिसत होता, कुठे बघत होता, हसला का, आवाज कसा होता. आठवा ना, थोडं आठवून बघा – आणि आपण त्यांच्या खुर्चीचा हात धरून खाली बसलो आहोत, गिऱ्हाइकाशी कधी बोललो नसतो अशा आवाजात गयावया करतो आहोत, हे तिला सून चहा घेऊन आली तेव्हा समजले. सून हळूच म्हणाली, “ताई, बाबांना आता दमवू नका.” समीक्षकांनी डोळे मिटले होते. झोपले होते की नुसते मिटले होते, सांगता येत नव्हते.

रस्त्यावर ऊन होते. प्रत तिने पिशवीत न टाकता छातीशी धरली होती. दादाने ते स्वतःवर घेतले असेल – माझी झोप उचलून त्याने आपल्या जागेपणाच्या खाली ठेवली असेल, भावाने बहिणीसाठी करावे तसे, आणि एका शहाण्या माणसाने त्यावर पेन्सिल फिरवली. असेच असेल. दादा तसाच होता. किंवा तो जागा होता. ऐकत होता. आणि त्यानंतर सव्वीस वर्षे माझ्याकडे येऊन जेवत होता, आणखी वाढ म्हणत होता, आणि मी दर वर्षी त्या तारखेला जेवत नाही हे त्याला माहीत होते, आणि एकदाही, पाणी पितानासुद्धा... नाही. तिला संतापायचे होते. संताप येईना. आले ते भलतेच – त्या दुपारी तिथे दोघीच होत्या, आई आणि ती. चौतीस वर्षे दोघीच. ते ओझे होते, पण तिचे होते, आईकडून मिळालेले तेवढेच होते, आणि आता त्यात कोणीतरी पेन घेऊन येऊन बसले होते, आणि सर म्हणता सरत नव्हते.

दुकानात तिची वाट बघत एक शिंपी बसला होता. सुई ओवता येईना म्हणून आला होता. अंधाऱ्या खोलीत तिने त्याच्या डोळ्यांवर लोखंडी फ्रेम चढवली, एक भिंग घातले, काढले, दुसरे घातले.

“हे बरं की आधीचं?”

“सारखंच वाटतंय, मॅडम.”

“नीट बघा. घाई नाही.”

शिंपी बघत राहिला आणि ती त्याच्या मागे भिंगांची पेटी उघडी धरून उभी राहिली, आणि तेव्हा, काही कारण नसताना, ते मनात आले. आईने पाणी मागितले होते, दोनदा हाक मारली होती – हे मला कोणी सांगितले? मी तर झोपले होते.

दादाने सांगितले होते. त्याच संध्याकाळी, लोक निघून गेल्यावर, पायरीवर बसून. दोनदा हाक मारली असेल तिनं, म्हणाला होता. मारली असेल. की... दोनदा हाक मारली तिनं? तो ‘असेल’ होता का? तिने ते वाक्य मनात पुन्हा म्हटले, त्याच्या आवाजात म्हणायचा प्रयत्न केला. असेल घालून म्हटले तर तसेच वाटले, काढून म्हटले तर तसेच. चेहरा दिसत होता, पायरी दिसत होती, त्याच्या चपलेचा तुटलेला अंगठा दिसत होता. आवाज येत नव्हता. दादा, एकदाच बोल रे. एक शब्द.

“मॅडम, हे जरा बरं वाटतंय,” शिंपी म्हणाला, आणि तिने हो म्हटले, पण भिंग बदलले नाही.

ती त्या खोलीत होती. पडद्याला गाठ मारलेली, दुपार स्तब्ध, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदाच खुर्चीतली धाकटी झोपलेली नव्हती. ती जागी होती. आई हाक मारत होती, अगदी जवळून, आणि धाकटीचे सगळे अंग कानात गोळा होऊन भिंतीला लागले होते – पलीकडे पेन थांबले का, खुर्ची सरकली का, तो उठतो का – आणि ऐकता ऐकता ती स्वतः उठत नव्हती.