पाळण्याचा फोटो कधी बदलला

सुप्रियाच्या घरात सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी, एक जूनला. आबांचा, थोरल्या बहिणीचा, विजयमालाचा, आणि तिचाही. शाळेत नाव घालताना खरी तारीख कुणाला ठाऊक नसली, की त्यांच्या कळस गावचे मास्तर बिनदिक्कत एक जून ठोकायचे. आई शाळेत गेलीच नव्हती, पण रेशनकार्डावर तिलाही तीच चिकटली.

नव्व्याण्णव सालच्या त्या सकाळी मात्र एका तारखेसाठी सुप्रियाचा जीव टांगणीला लागला होता. विजयमाला अमेरिकेत बाळंत व्हायची होती. आधीचं मूल पोटातच गेलेलं, आणि आता तिकडं फोन कुणी उचलत नव्हतं. दाजींनी, म्हणजे दिग्विजयरावांनी, आपल्या वेबसाइटवर रिकाम्या पाळण्याचा फोटो ठेवला होता. दोघं सुखरूप असली की त्याच फाइलच्या जागी बाळाचा फोटो टाकीन, असं त्यांनी कबूल केलं होतं.

पण सुप्रिया शिकवायची त्या बारामतीच्या कॉम्प्युटर क्लासमधली फोनलाइन म्हणजे नुसता छळ. फोटो रेघेरेघेनं खाली उतरायचा, मागची भिंत दिसायची आणि लाइन तुटायची. शेवटी तिनं डोकं चालवलं. फोटो आणायचाच कशाला? फाइल शेवटची कधी बदलली, एवढंच विचारायचं. फायली आणून देणारी एक लायब्ररी, म्हणजे आधीच लिहून ठेवलेला तयार कोड, तिच्याकडे होती, तिच्या जोरावर तिनं छोटासा प्रोग्रॅम लिहिला. सर्जेराव आणि बनाबाई, तिचे आबा आणि आई, पहिल्या एसटीनं येऊन मागं स्टुलांवर बसले होते.

स्क्रीनवर उमटलं, १ जानेवारी १९७०.

बनाबाई हबकली. तेव्हा विजयमालाचाच पत्ता नव्हता. सर्जेरावांना मात्र हसू आवरेना.

“त्याला ठावं नसंल. आमच्या मास्तरानं एक जून लावला, ह्यानं एक जानेवारी.”

सुप्रियानं कपाळावर हात मारून घेतला. आबांनी थट्टा केली, पण झालं होतं अगदी तसंच. बदलाची वेळही आण, असं लायब्ररीला आधी सांगावं लागतं. ते तिनं सांगितलंच नव्हतं. मग ‘माहीत नाही’ म्हणून लायब्ररीनं उणे एक दिला, आणि प्रोग्रॅमनं त्याचीच तारीख करून छापली. कॉम्प्युटर काळ मोजतो तो १९७० च्या एक जानेवारीपासून, म्हणून उणे एक सेकंदही त्याच तारखेला जाऊन पडला. राहिलेली ओळ घालून तिनं पुन्हा लाइन जोडली. मोडेम कोकलला.

आजची तारीख आली. पहाटेची वेळ.

सुप्रिया उठली ती थेट आईच्या गळ्यातच पडली. फाइल बदलली म्हणजे दोघं सुखरूप. बनाबाई रडत होती, हसत होती आणि मुलगा की मुलगी हे त्या डबड्याला विचार म्हणून लेकीला हलवत होती. सर्जेराव क्लासमधल्या पोरांना आग्रहानं पेढे चारून आले, मग सुप्रियाचा पेन मागून तारीख तळहातावर लिहायला लागले.

“आबा, ही फोटो टाकल्याची येळ हाय. जन्म त्याच्या आधीचा. दाजींना इचारावं लागंल.”

“मग नीट इचारून घे,” सर्जेराव म्हणाले. “एक जून न लागलेलं आपल्या घरातलं ह्ये पहिलंच माणूस हाय.”