झाकणाखालचा चेहरा

"छान आहे, पो," पहिला पोरगा म्हणाला. दुसराही तेच म्हणाला. तिसरीनं तर टाळ्याच पिटल्या.

लिवायच्या जिवाला चैन पडेना. आया परदेशी कामाला असलेली ही सहा फिलिपिनो मुलं गेले सहा शनिवार तिच्याबरोबर ऑनलाइन बसून एक ॲप घडवत होती. मुलानं रोज संध्याकाळी हसरा नाहीतर रडका चेहरा दाबायचा, तो तिकडं आईला दिसायचा. चाचणीत शंभरातले ब्याण्णव चेहरे हसरे आले, कंपनीचे साहेब खूश. उद्या त्यांनी होकार दिला की ॲप हजार घरांत जाणार. आणि ही पोरं मोठ्यांशी बोलायचं म्हणून वाक्यावाक्याला अदबीचा 'पो' जोडून नुसत्या माना डोलावत होती. अदब कसली, तोंडाला कडी घातलीय मेली! काहीतरी चुकतंय, एवढंच तिला कळत होतं.

"अरे, नावं ठेवा की जरा! मी काय तुमची मास्तरीण आहे?"

"नाही, पो," सगळे एका सुरात.

साहेबांचा निरोप झळकला: आटप आता.

तेवढ्यात सान पाब्लोच्या नऊ वर्षांच्या हिरायानं आपला पुठ्ठ्याचा नमुना कॅमेऱ्यासमोर धरला. वर हसरा चेहरा. तो झाकणासारखा उघडला, तर खाली रडका.

"हा खालचा कुणाला दिसणार गं?" लिवायनं विचारलं.

"कुणालाच नाही. आई कुवेतमध्ये दुसऱ्यांची बाळं सांभाळते. मी रडका दाबला की ती तिथं रडणार, मग मालकीण तिला ओरडणार. म्हणून मी रोज हसराच दाबते."

एवढ्या बोलण्यात एकदाही 'पो' आला नाही.

"मी पण," टाळ्या पिटणारी म्हणाली.

"मी पण. रोज."

लिवायला स्वतःची लाज वाटली. तिची आई बारा वर्षं हाँगकाँगला होती, आणि फोनवर लहानगी लिवायही तिला दर रविवारी "मी मजेत" म्हणायची. ते विसरून तिनं त्याच खोट्याचं बटण बनवलं होतं. तिनं साहेबांना लिहिलं: ते ब्याण्णव चेहरे खोटे आहेत. उद्या होकार देऊ नका.

उत्तर लगेच आलं: डोकं फिरलंय का? मग सोमवारपासून येऊ नकोस.

तिनं ते दोनदा वाचलं. मग तोंड कॅमेऱ्यापासून वळवलं.

"ताई, काय झालं?" हिरायानं विचारलं.

"कुठं काय? मी मजेत आहे."

हिरायानं पुठ्ठा पुन्हा कॅमेऱ्यासमोर धरला. मग तिनं हसऱ्या चेहऱ्याचं झाकण उचललं.