उशिगोए तालुक्याचं शेवटचं कार्ड

जपानच्या हेइसेई शकाचं सतरावं वर्ष, म्हणजे २००५. त्या वर्षी मार्चच्या एकतीस तारखेला उशिगोए तालुका संपणार होता. त्यात एकच गाव उरलं होतं आणि ते शेजारच्या शहरात विलीन होणार होतं. सगळ्या देशात कुणाला त्याचं काही नव्हतं. आमच्या घरात मात्र सुतक आल्यासारखं झालं होतं.

आमचे हे हौशी रेडिओवाले. देशातल्या प्रत्येक तालुक्यातून कुणाशी तरी हवेतून बोलायचं, त्याचं छापील कार्ड मिळवायचं, सगळे तालुके झाले की प्रमाणपत्र. एकतीस वर्षं ह्यांनी तेच केलं. राहिला तो उशिगोए. तिथे एकही रेडिओवाला नव्हता. बाहेरचे कुणी जाऊन बोलायचे, तेव्हा एकदा हे दाताच्या डॉक्टरकडे होते, एकदा भावाच्या अंत्यविधीला, आणि एकदा वाऱ्याने अँटेना शेजाऱ्यांच्या मुळ्याच्या वाफ्यात पडली होती. स्वतः जाऊन स्वतःशीच बोललेलं चालत नाही.

म्हणून त्रेसष्टाव्या वर्षी मी दोन दिवसांचा वर्ग करून परवाना काढला.

"तोमिए, एक लक्षात ठेव," निघताना हे म्हणाले. "सगळा देश तुला हाक मारणार. रेडिओचे देशात दहा विभाग, पहिल्यापासून क्रमाने घे. घरच्या माणसाला आधी घेतलंस तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"अहो, पण आपला विभाग नववा."

"मग नववाच."

यंत्र फुरोशिकीच्या चौकोनी कापडात बांधून मी पाच तास रेल्वेने आणि वर तासभर बसने गेले. सरपंच हिनात्सु यांनी ग्रामपंचायतीतलं टेबल दिलं आणि स्वतः पर्सिमनच्या झाडावर चढून अँटेनाची तार बांधली.

दुपारी मी तोंड उघडलं मात्र, शेकडो आवाज अंगावर आले. मी एकेकाला क्रमाने घेतलं, हवापाणी विचारलं, आभार मानले. न विचारता सोडायचं कसं? साडेचारला मी सातव्या विभागात होते, तेव्हा हिनात्सु शिडी घेऊन आले.

"वहिनी, पाचला गाव संपतं."

"कागदावर रात्री बारा लिहिलंय."

"रात्री बाराला गावाची पाटी काढायला शिडीवर कोण चढणार? वीजही पाचलाच बंद करतो. माझी कंबर बघताय ना?"

आठव्या विभागात होक्काइदोच्या एका आजोबांनी छपरावरच्या बर्फाची सगळी हकीकत सांगितली. त्यांना मध्येच कसं तोडणार? पाचला चार मिनिटं असताना मी नववा विभाग पुकारला. दहा-बारा जण बोलले. ह्यांचा आवाज नाही. मला कळलं, हे बाकीच्यांना आधी जाऊ देतायत. मग मागे कुठेतरी एक खोकला ऐकू आला. चाळीस वर्षं ऐकलेला.

"जे स्टेशन खोकलं, त्यांनी बोलावं," मी म्हटलं.

बाकीच्यांनी वाट मोकळी करून दिली. "आपली प्रथमच भेट होते आहे," हे म्हणाले. "तुमचा आवाज स्वच्छ, पैकीच्या पैकी, पाच-नऊ."

"तुमचाही पाच-नऊ. तिकडे हवा कशी?"

"ढगाळ आहे. एक विचारू का? मिसोचा डबा..."

"दुसऱ्या फळीवर, लोणच्यामागे."

"कृपा झाली," हे म्हणाले, आणि वीज गेली. बाहेर हिनात्सु पाटी खांद्यावर घेऊन उतरत होते.

घरी आल्यावर मी सगळ्यांची कार्डं लिहिली. ह्यांचं सर्वांत सुंदर अक्षरात. हे समोर बसून खिडकीबाहेर बघत होते. कार्डं संघटनेकडे जातात, तिथे वेगळी होतात आणि महिन्यांनी घरोघर येतात. संघटनेची पाकिटं येत राहिली, त्यात मी ह्यांना लिहिलेलं कार्ड नव्हतं. विचारणं ह्यांना उद्धट वाटे. मला वाटे, उशीर होतोय इतकंच.

डिसेंबरात वर्षअखेरची साफसफाई करताना देवघरात, सासऱ्यांच्या तसबिरीपाशी, कार्ड सापडलं. चांगली वस्तू आधी पितरांपुढे ठेवायची म्हणून मीच ठेवलं होतं, आणि बाकीचा गठ्ठा पाठवून मोकळी झाले होते.

"हे घ्या," मी मान खाली घालून म्हटलं.

ह्यांनी हात मागे घेतले. "असं घरातल्या घरात कसं घेऊ? रीतसर येऊ दे."

मी ते टोकियोला संघटनेकडे पाठवलं. पुढच्या जुलैत ते आमच्याच दारात आलं. ह्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं, मला वाकून नमस्कार केला, आणि उठून देवघरात ठेवलं.

प्रमाणपत्र त्या वर्षीच आलं. हे त्यानंतर सहा वर्षं होते. शेवटच्या आजारात नर्सने तब्येत विचारली तरी हे पाच-नऊ सांगायचे. हिनात्सुंनी गावाची पाटी पाय लावून जेवणाचं टेबल केलं आणि नव्वदीपर्यंत त्यावर जेवले. होक्काइदोचे आजोबा दर हिवाळ्यात रेडिओवर मला बर्फाचं सांगत, मग एका हिवाळ्यात आले नाहीत.

मी चौऱ्याऐंशीची आहे. तेव्हापासून मीही तालुके जमवतेय, दोन राहिलेत. उशिगोए त्यातला एक. तिथे मी होते, पण स्वतःशी बोललेलं चालत नाही.