करडा बोर्ड

४० एमबी

खोली: करडा चौकोन. खिडकी: करडा चौकोन. माणसं: तीन करडे गोळे. गेम बनवताना आम्ही असंच सुरू करतो. रंग, ऊन, कपडे नंतर. आधी खेळ चालतो का ते बघायचं. हेही तसंच सांगते.

पहिला गोळा बाबा, सीताराम. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये एक कॅरम बोर्ड आहे, माझ्याहून वयाने मोठा. बाबा आणि शेजारचे मनूकाका रोज संध्याकाळी त्यावर असायचे. दरवर्षी चौदा एप्रिलला, जयंतीला, त्याच बोर्डवर चाळीची स्पर्धा.

दुसरा प्रफुल्ल. खालच्या मजल्यावरचा, माझ्या वर्गातला. भिंतींवर चित्रं काढून मार खायचा. पुढे लालबागच्या एका गाळ्यात त्याने गेम स्टुडिओ काढला.

तिसरी मी, दीपिका. त्याच्याकडे प्रोग्राम लिहायचे.

दोन महिने मी गेमसाठी त्या बोर्डची मापं घेतली. रबर ताणून स्ट्रायकर सोडायचा, मोबाइलवर शूट करायचं, किती लांब गेला ते लिहायचं.

"सीताराम, पोरीला इंजिनिअर केलीस ती रबर ताणायला?" मनूकाका विचारायचे.

शेवटी आकडे मिळाले. स्ट्रायकर किती घसरतो, कुठे अडतो, कडेला आपटून किती परततो. ते घालून गेम बनवला. करडा चौकोन, करड्या सोंगट्या, आवाज नाही. सगळा गेम मिळून चाळीस एमबी.

बाबांनी फोन घेतला. एक पातळ कट मारला. सोंगटीला स्ट्रायकर लागला न लागला, ती कोपऱ्यात गेली.

"हा आपलाच बोर्ड," बाबा म्हणाले. "डावीकडे ओढतो बघ."

तो ओढा आकड्यांत आला होता, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

९ जीबी

"दीपे, खेळायला एक नंबर आहे. पण दाखवायचं काय?" प्रफुल्ल म्हणाला.

"खेळायला आहे ना एक नंबर?"

"पैसेवाले खेळत नाहीत गं. बघतात. दीड मिनिट."

प्रफुल्लने दीड मिनिटाचा ट्रेलर केला. पैसेवाल्यांनी तो बघितला, पैसे दिले. अट एकच, खराखुरा दिसला पाहिजे. बावीस आर्टिस्ट आले. बावीस जण बोर्डच्या दिसण्यावर, मी एकटी बोर्डच्या खेळण्यावर.

मग खरा बोर्डच हवा झाला, स्कॅन करायला.

"बाबा, आठ दिवस द्या."

"जयंतीच्या आधी आण."

"आणते."

चकचकीत पृष्ठभाग स्कॅनरला दिसत नाही. त्यावर पांढरा स्प्रे मारावा लागतो.

"निघेल ना रे?"

"कॅरमवर पांढरी पावडर असतेच की. समज तीच."

मला पटलं. बाहेरच्या कुणाला पटलं नसतं, त्याने विचारलं असतं, स्प्रेत काय आहे? मी लहानपणापासून त्या बोर्डवर पांढरं बघत आले होते. मीच मान हलवली.

स्कॅन तीनदा फसला. आठ दिवसांचे पंचवीस झाले, मग रंग जुळवायला बोर्ड गाळ्यातच राहिला. स्प्रे वाळून बसला. ओल्या फडक्याने निघेना, म्हणून थिनरने पुसला.

पुसला मी.

६१ जीबी

आता एकच गोष्ट रंगवून सांगते, कारण ती खरोखरच रंगवलेली होती.

स्क्रीनवरचा बोर्ड मधासारखा. कडेला चाळीस वर्षं टेकलेल्या मनगटांनी आलेली काळपट झिलई. एका कोपऱ्यात मी तिसरीत असताना कर्कटकाने कोरलेलं 'दी'. पावडरचा कण न् कण उडायचा, खिडकीतल्या उन्हात तरंगायचा. मी पहिल्यांदा बघितलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते नाकारत नाही.

मग मी कट मारला. स्ट्रायकर सोंगटीच्या आरपार गेला.

झिलई आणि कण दाखवण्यातच मशीनचा दम जात होता. टकरीचं गणित सेकंदाला दोनशे चाळीस वेळा व्हायचं, ते प्रफुल्लने साठवर आणलं होतं; मधल्या मधे टक्कर निसटायची.

"कण कमी कर."

"कण ट्रेलरमध्ये आहेत."

"कट लागत नाहीये, प्रफुल्ल."

"कट मारतंय कोण?"

"बाबा."

"बाबा ट्रेलरमध्ये नाहीत ना, दीपे."

तो चिडून बोलला नाही. दमला होता. बावीसचे एकतीस आर्टिस्ट झाले होते आणि पैसे एप्रिलपर्यंतच पुरणार होते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पैसेवाल्यांनी हात काढून घेतला. दुसऱ्या कुणाच्या गेममध्ये लाकूड आणखी खरं दिसत होतं. आमचा त्यांनी शेवटपर्यंत खेळून बघितला नव्हता. तेरा तारखेला गाळा रिकामा करताना प्रफुल्ल म्हणाला, "दिसायला तरी भारी झाला होता, नाही?"

मी बोर्ड टॅक्सीत घातला.

० एमबी

जयंतीच्या आदल्या दिवशी बोर्ड घरात आणला. बाबांनी त्यावर तळवा फिरवला. मधे थांबले. परत फिरवला. तळवा नाकाशी नेऊन हुंगला.

दुसऱ्या दिवशी पॅसेजमध्ये सगळे जमले. निळ्या पताका, खुर्च्या, चिठ्ठ्या. पहिला डाव बाबा आणि मनूकाकांचा. बाबांनी पावडर टाकली, स्ट्रायकर मारला. तो मधल्या वर्तुळापर्यंतही गेला नाही. मनूकाकांनी मारला. तोही तिथेच. मनूकाकांनी नखाने बोर्ड खरवडला. पॉलिश गेलेलं, प्लाय फुगलेलं.

"ह्याला काय झालं रे?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बोर्ड मी नेला होता, हे मजल्याला माहीत होतं.

"मी केलं," बाबा म्हणाले. "काल घरी आणल्यावर थिनर मारला. म्हटलं, जयंतीला जरा नवा दिसेल."

"दिसायला?" मनूकाका उठले. "येड्या, बोर्ड काय बघायला असतो?"

मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मिटलं.

स्पर्धा पलीकडच्या चाळीत हलवली. बाबांनी नाव दिलं नाही. मनूकाका आता रोज तिकडेच जातात. स्ट्रायकर शर्टाच्या खिशात, आमच्या दारावरून, आत न बघता.

करडा गेम फोनमध्ये आहे. परवा मी तो लावून बाबांच्या पुढ्यात ठेवला. आपला बोर्ड, डावीकडे ओढणारा.

बाबांनी बराच वेळ बघितलं. हात लावला नाही.

"ह्यात समोर कोण बसतं?" त्यांनी विचारलं.

समोर कुणीच नव्हतं. स्क्रीन आपोआप विझली.