वांझ फुलांचा आळ

काकडीच्या मांडवाखाली रोज पिवळ्या फुलांचा सडा पडे आणि कोन गावातले शहाणे त्याचा ठपका मधमाश्यांवर ठेवत. माशी रस चोखते, म्हणून फूल वांझ होऊन गळते, असा त्यांचा सिद्धान्त. भिवंडीच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या केसरीनाथने चुलत्याला, बाळारामला, परोपरीने सांगितले होते: गळतात ती नर फुले, माशी येवो न येवो, ती गळणारच; उलट मादी फुलाला काकडी धरते ती माशीने पराग नेला तरच.

"मास्तर, पुस्तकात काकड्या लागतात व्हय?" बाळाराम म्हणाला. "उंबराच्या ढोलीतलं मव्हळ जाळल्याबिगर वयनीचा मांडव सुधरायचा न्हाय."

वयनी म्हणजे केसरीनाथची आई, राहीबाई. चौऱ्याहत्तरच्या त्या पावसाळ्यात तिचे भात कुजले होते. हाताशी उरला होता तो मांडवच.

केसरीनाथने वाद सोडून प्रयोग मांडला. लूमवाल्या शेजाऱ्याकडून विरळ कापडाच्या चिंध्या आणल्या आणि देठाशी इवली काकडी असलेल्या काही मादी कळ्या बांधून टाकल्या. माशी पोहोचली नाही. कळ्या उमलल्या आणि सुकल्या.

"कोंडून मारल्यास," बाळाराम हसला.

आक्षेप रास्त होता. केसरीनाथने नव्या कळ्या तशाच बांधल्या; उमलल्यावर त्यांतल्या निम्म्यांना नर फुलाचे पराग हाताने लावले आणि पुन्हा झाकल्या. कापड तेच, पाऊस तोच. पराग लागलेल्या तेवढ्या धरल्या.

तो पुरावा दाखवायला चुलत्याला बोलावून आणताना उंबराशी त्याचे पाऊल थांबले. ढोली काळी पडली होती. खाली जळक्या पेंढ्यात माश्यांचा खच. खटला निकाली लागण्याआधीच आरोपीला फाशी झाली होती.

"सांजंलाच पलिता लावला," बाळाराम अभिमानाने म्हणाला.

केसरीनाथने मांडवात जाऊन चिंधी सोडली आणि टपोरी काकडी दाखवली. बाळारामने ती निरखली.

"म्हंजे हातानं जमतंय की! मंग माश्या कशाला पायजेत?"

मांडवाशी बसलेली राहीबाई उठली. तिने एक नर फूल खुडून दिराच्या तळहातावर ठेवले.

"बरी आठवन केलीत, भावजी. सगला मांडव हाय. उद्या उजाडताच या. फूल मिटायच्या आत एकेका मादीला ह्ये लावायचं. चुकवायचं न्हाय."

"मी? बायामानसांसारका फुलं हुंगत बसू?"

"माश्यांनी कंदी कुरकुर केली न्हवती."

सकाळी बाळाराम मांडवाखाली कंबरेत वाकून उभा होता. रस्त्यावरून कुणी हाक मारली, तर किडी बघतोय म्हणे. केसरीनाथ शाळेला निघाला. त्याला हसू आले नाही. एका माणसाने जे जाळले, ते एका माणसाने भरून निघणारे नव्हते. वरच्या वेलीवरची फुले तर आताच मिटू लागली होती.