ड्रॅगनपुढं फुटलेला नारळ

दुकानात आलेला माणूस कापडावर हात कसा फिरवतो, त्यावरून मी त्याचं वजन करतो. कोणी पोत पाहतो, कोणी किनार पाहतो, कोणी फक्त बायकोच्या तोंडाकडं पाहतो. अश्विन यातलं काहीच करत नाही. दिवाळीच्या आधी तो आला, वरच्या फळीवरच्या हिरव्या थानाकडं बोट दाखवून म्हणाला, "काका, या हिरव्याचा अर्थ काय?"

"अर्थ हाच," मी म्हटलं, "की दोन-तीन दिवाळ्या झाल्या, खपला नाही."

त्यानं सगळं थान उचललं. मंडईच्या जत्रेतल्या नाटकासाठी ड्रॅगन करायचा होता.

अश्विन आमच्या सिहोऱ्याचाच. घरी धानाची शेती, आणि हा साकोलीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो. शिवाय पीएचडी चालू आहे. विषय असा, की आमच्या गावात तो पूर्ण सांगून होईपर्यंत ऐकणारा चहा संपवून उठतो: विसाव्या शतकातल्या ब्रिटिश अद्भुत कादंबऱ्यांमधली मिथकं आणि प्रतीकं. मी शेवटपर्यंत ऐकलं, कारण दुकान सोडून मी जाणार कुठं?

"तिथल्या लेखकांनी महायुद्धं पाहिली, काका," तो सांगत होता. "आणि तोफांबद्दल लिहायचं सोडून त्यांनी ड्रॅगन, तलवारी, झोपलेले राजे यांच्या गोष्टी लिहिल्या. का? तर काही गोष्टी सरळ सांगता येत नाहीत."

"खरं आहे. सोयरिकीला नकारसुद्धा कोणी सरळ देत नाही. पत्रिका पाहतो म्हणतात."

अश्विननं थान या काखेतून त्या काखेत घेतलं. मला कळलं, माझं बोट नेमकं दुखऱ्या जागी पडलं.

दुखरी जागा म्हणजे करुणा. मोहाडीकडच्या विणकरांच्या घरातली मुलगी, त्याच कॉलेजात, तोच विषय शिकवणारी. दोन्ही घरं तयार होती. तयार नव्हती ती फक्त करुणा. तिला अश्विन आवडत नव्हता असं नाही. तिनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "तुझ्या प्रबंधात ड्रॅगन आहेत, पण माणसं नाहीत. तू सगळ्यांना सगळ्याचा अर्थ सांगतोस, कोणाचा ऐकत नाहीस. मला जन्मभर तळटीप होऊन राहायचं नाही." मग थोडी नरम होऊन म्हणाली होती, "मंडईला येते. नाटक पाहून सांगते."

म्हणजे गावाच्या हिशेबी ते मंडईचं नाटक होतं आणि अश्विनच्या हिशेबी त्याचं लग्न.

दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. पाळणे, जिलेबी, लेकी-जावई, आणि रात्री वडशाकडच्या कंपनीचं नाटक. दुपारची वेळ गावातल्या पोरांची. ती या वर्षी अश्विननं मागून घेतली. आपल्या प्रबंधातल्या एका विस्मरणात गेलेल्या इंग्रजी कादंबरीचं त्यानं नाटक केलं होतं. गोष्ट सोपी होती: डोंगरात गुहा, गुहेत सोनं, सोन्यावर वेटोळं घालून ड्रॅगन. गावातला एक अनाथ पोरगा तलवार घेऊन जातो, ड्रॅगनला मारतो. ड्रॅगन मेला की सोनं वितळतं आणि त्याची नदी होऊन गावात येते.

तालमी शाळेच्या मैदानात होत. नायक कैलाश, दिसायला देखणा, पाठांतराला कच्चा. ड्रॅगनच्या पोटात नत्थू, कारण बांबूचं ते धूड उचलायला हमालीचा खांदा लागतो.

"गुहा म्हणजे मन," अश्विन समजावत होता. "तलवार म्हणजे विवेक."

"मंग मी घुसू कोठं सर?" कैलाशनं विचारलं. "गुहेत का मनात?"

"आन मी काय होय?" पोटातून नत्थू.

"तू लोभ."

"माया घरी सांगू नका सर. बायको म्हणन, हे तर मले आधीपासूनच मालूम होतं."

सगळे हसले. अश्विन सोडून. तो वहीत काहीतरी सुधारत होता.

घोळ झाला तो अंकुशपायी. अंकुश आमचा मूर्तिकार. भाद्रपदात गणपती, नवरात्रात शारदा, मधल्या काळात दुकानांच्या पाट्या. ड्रॅगनचा सांगाडा त्यानं बांबूचा केला, तोंड कागदाच्या लगद्याचं, अंगावर माझं हिरवं थान. धुराचं यंत्र कुठून आणणार? त्यानं जबड्यात मातीचं धुपाटणं बसवलं आणि राळ टाकली. मग आपल्या पद्धतीप्रमाणं अगदी शेवटी डोळे काढले. आणि डोळे काढून होताच, त्या वर्षी तीस मूर्तींपुढं केलं ते एकतिसाव्या मूर्तीपुढं केलं: कुंकू लावलं आणि नारळ फोडला.

नारळाचा आवाज लहान असतो, पण गावात लांब जातो. संध्याकाळपर्यंत गोदावरीबाई हळदीचं ताट घेऊन हजर.

गोदावरीबाई म्हणजे कैलाशची माय आणि बचत गटाची अध्यक्ष. सरपंच पाच वर्षांनी बदलतो, गोदावरीबाई बदलत नाही. तिनं ड्रॅगनला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, जबड्यातल्या राळेचा वास घेतला.

"काहून गा अश्विन, याले मारतेस म्हणे?"

"मावशी, तो ड्रॅगन आहे. लोभाचं प्रतीक."

"सोन्यावर बसला आहे ना?"

"हो."

"मंग तो कोणाचा तरी आजा आहे. धन पुरून मेला, जीव अडकला, नाग होऊन बसला. माया मामाच्या गावी वावराच्या धुऱ्यावर होता असा. दूध ठेवलं का पी अन् निंघून जाये. त्याले कोणी कुऱ्हाड नाही दाखवली."

"ही इंग्लंडची गोष्ट आहे मावशी."

"काहून? इंग्लंडात आजे नाहीत?"

अश्विननं मदतीसाठी अंकुशकडं पाहिलं. अंकुश नारळाची करवंटी मागं लपवत होता.

"तू नारळ कायले फोडलास?"

"डोळे काढले का हात आपोआपच जाते सर. तुम्ही नको फोडू म्हणून सांगतलं नाही."

"आता नारळ फुटला," गोदावरीबाईनं निकाल दिला. "नारळ फुटलेल्यावर तलवार चालत नाही. गणपती बसवून कोणी त्याचा गळा कापते का? त्याले वाजतगाजत नेतात, पाण्यात शिरवतात. माया पोरगा हात नाही लावन. हे आत्ताच ऐकून ठेव."

यावर अश्विननं जे केलं ते त्याच्या खात्यावर लाल शाईनं लिहून ठेवण्यासारखं. त्यानं गोदावरीबाईला व्याख्यान दिलं. पश्चिमेचा ड्रॅगन आणि पूर्वेचा नाग, यांतला फरक. सूर्य आणि अंधार. बाई शेवटपर्यंत ऐकत राहिली, मग ड्रॅगनच्या कपाळाला हळद लावून निघून गेली.

तो माझ्याकडं आला तेव्हा घामेजला होता. "काका, शेवट बदलला तर अर्थच राहत नाही. ड्रॅगन मेला नाही तर नदी कुठून येणार?"

"करुणा काय म्हणाली होती?"

"कोणाचं ऐकत नाहीस म्हणाली."

"बाई एवढं बोलली. तू काय ऐकलंस?"

"त्या चुकीचा अर्थ लावताहेत."

मी मोजपट्टी उचलून कामाला लागलो. गिऱ्हाइकाला कापड तोकडं पडतंय हे शिंप्याकडं गेल्यावर त्यालाच कळतं.

मंडईच्या दुपारी मैदान भरलं. एका बाजूला गडी, एका बाजूला बाया, मधून पोट्टे. करुणा साकोलीहून आली, आणि तिला बसायला जागा कुठं मिळाली? गोदावरीबाईशेजारी. मिळाली म्हणजे, बाईनं ती धरून ठेवली होती. दोघींचं काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण पहिला अंक होईतो करुणाच्या ओंजळीत धानाच्या लाह्या होत्या.

पहिला अंक बरा गेला. गुहेचा पडदा उघडला, ड्रॅगन डोलत पुढं आला, जबड्यातून राळेचा धूर निघाला, आणि बायांच्या रांगेत आपोआप हात जोडले गेले. एखाद्या राक्षसाचं असं स्वागत मी कधी पाहिलं नाही. नत्थूलाही चढलं असावं. तो उगीच जास्त डोलू लागला.

कैलाश तलवार उपसून पुढं आला. "हे अंधाराच्या राजा," तो म्हणाला. एवढं त्याला पाठ होतं. तलवार वर गेली. वरच राहिली.

आमच्या स्टेजवर माईक वरून टांगलेले असतात. कुजबुजसुद्धा मैदानाच्या टोकापर्यंत जाते.

"मार ना बे," ड्रॅगन म्हणाला.

"माय पाहून राहिली," नायक म्हणाला.

"तुई माय पाह्यते अन् मी इकडं शिजून राहिलो! मार लवकर!"

मैदान हसून लोळलं. विंगेतून अश्विन ओरडला, "घाव घाल! कैलाश, घाव!" कैलाशची तलवार काही खाली येईना. तेवढ्यात गोदावरीबाई उठून उभी राहिली. तिच्यामागं सगळ्या बाया उठल्या. हसणं थांबलं.

अश्विन वही घेऊन स्टेजवर आला. एवढी माणसं समोर, आणि त्याची नजर फक्त करुणाला शोधत होती. करुणा त्याच्याकडं पाहत नव्हती. ती तिच्या आजूबाजूच्या बायांकडं पाहत होती: कोणी पदर डोक्यावर घेतलेला, कोणाच्या मुठीत लाह्या, कोणी लेकराचे हात धरून जोडवत असलेली. अश्विनही तिकडं पाहू लागला. मला वाटलं, हा आता व्याख्यान देतो. माईकही टांगलेलाच होता.

त्यानं वही मिटून काखेत धरली.

"मावशी," तो म्हणाला, "आता काय कराचं?"

लहानपणची बोली त्याच्या तोंडून कित्येक वर्षांनी बाहेर पडली.

"मले काय विचारतेस?" गोदावरीबाई म्हणाली. "आज्याले विचार."

अश्विन वळला. ड्रॅगनपुढं गुडघ्यावर बसला. "आजोबा, इतकी वर्षं तुम्ही सोनं राखलं. आता आम्ही काय करावं?"

नत्थूला हे भाषण कोणी दिलेलं नव्हतं. पण पोटात घामाच्या धारा लागल्या असल्या की माणसाला सुचतं. "सोनं लेकराईले वाटून टाका," ड्रॅगन खोल आवाजात म्हणाला. "आन मले पाण्यावर घेऊन चाला. लय गरमी होऊन राहिली!"

मग जे झालं त्याला मी नाटक म्हणत नाही आणि मिरवणूकही म्हणत नाही. डफ आणि सनई रात्रीच्या कंपनीसाठी आलीच होती, ती पुढं झाली. गोदावरीबाईनं लाह्या उधळल्या. सोनं म्हणून ठेवलेली पिवळ्या कागदातली चॉकलेटं पोट्ट्यांनी स्टेजवर चढून लुटली. नायक तलवार म्यान करून ड्रॅगनची शेपटी उचलून चालला. ड्रॅगन स्वतःच्या पायांनी स्वतःच्या विसर्जनाला निघाला, वाटेत दोनदा थांबून पाणी प्याला. ज्यांनी पहिला अंक पाहिला नव्हता तेसुद्धा पाळण्यांवरून उतरून मागं लागले.

तलावाच्या पाळीवर नत्थू बाहेर आला, तेव्हा कुस्ती जिंकल्यासारखी त्याला टाळी पडली. मी आधी कापड उतरवून घेतलं. रंग सुटला तर मासोळ्या मरतील, असं कारण दिलं. कारण खरंच होतं. आणि कापडही चांगलं होतं.

अंकुश आणि कैलाश कमरेइतक्या पाण्यात गेले आणि सांगाडा सोडला. बांबूचाच तो, बुडाला नाही. डुलत डुलत मधोमध गेला. ऊन कलतं होतं. धूड हललं की पाण्यावर जी लाट उठे ती पिवळी चकचकीत होऊन पाटाच्या तोंडापर्यंत यायची आणि तिथून धानाच्या बांधीकडं जायची. अश्विन ते पाहत उभा होता. 'सोनं वितळून नदी होते' हे वाक्य त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर होतं, त्यानंच मला ते दाखवलं होतं. त्यानं वही उघडली नाही.

करुणा येऊन शेजारी उभी राहिली. मी कापडाची घडी घालत होतो. घडी सावकाश घालावी लागते.

"प्रबंधात हे कुठं बसवशील?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," अश्विन म्हणाला. "तुला काय वाटतं?"

ही दोन वाक्यं त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकली. करुणानंही बहुतेक. तिनं ओंजळीतल्या उरलेल्या लाह्यांतल्या निम्म्या त्याच्या हातावर ठेवल्या.

"मला वाटतं ते सांगायला वेळ लागेल," ती म्हणाली. "आज मी गोदावरीमावशीकडं थांबणार आहे. तो आजा नेमका कोणाचा, ते त्या सांगणार आहेत. तू उद्या घरी ये. आमच्या घरी. तुझ्या आईबाबांना घेऊन."

"कशाला?"

"तुला तर सगळ्याचा अर्थ लागतो ना? लाव."

आणि ती बायांच्या घोळक्यात निघून गेली. गोदावरीबाईनं मागं वळून अश्विनकडं असं पाहिलं, जसं नारळ चांगला निघाल्यावर बघतात.

अश्विन लाह्या मुठीत घेऊन माझ्याकडं आला. पीएचडीचा माणूस, चेहरा पहिलीतल्या पोरासारखा. "काका, याचा अर्थ काय?"

मी हिरव्या थानाची घडी त्याच्या हातात दिली.

"अर्थ असा, की हे परत घेऊन जा. मांडवाला लागेल."